घोडकाठची सुरमई

कवठे येमाईहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि मध्ये सह्याद्री आडवा. शिरूर तालुक्याच्या उत्तर टोकाला, घोड आणि कुकडी या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात वसलेलं हे गाव. येमाई देवीचं आणि लोककवी बी. के. मोमीन कवठेकरांचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. इथली भूक बाजरीच्या भाकरीवर आणि झणझणीत रश्श्यावर वाढलेली. तरी आज या भागात पाहुणे यायचे म्हटले की मटणाच्या जोडीला हमखास एक नाव निघतं, ते सुरमईचं. पोरांना तुकडी हवी असते, सुनेला कालवण करून बघायचं असतं आणि घरातली जाणती बाई विचारते, ताजी आहे का?

हा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. सुरमई करायला अवघड नाही. नीट मिळालेली सुरमई मीठ, हळद, तिखट आणि आंबट एवढ्यावर घरच्या तव्यावर उत्तम होते. अवघड आहे ते तिला समुद्रापासून कवठ्याच्या चुलीपर्यंत ताजी ठेवणं, आणि घेताना ती ताजी आहे का हे ओळखणं. घाटावरच्या घरात माशाची निम्मी पाककृती खरेदीतच होऊन जाते.

आपल्याकडे समुद्र पहिल्यांदा आला तो वाळून. सुकट, बोंबील, खारवलेली मासळी आठवडे बाजारात पाटीवर यायची. पावसाळ्यात भाजीपाल्याची ओढ लागली की याच सुकटीने घरं सावरली. तव्यावर कोरडी भाजून, कांदा-लसूण-तिखटात परतलेली सुकट आणि भाकरी हा इथल्या शेतमजुराचा खरा माशाचा घास. ओला मासा म्हणजे नदीचा. मरळ, वाम, शिंगाळा, ओढ्यातल्या चिंगळ्या. त्यातही मरळीला मान. ती हवेतला श्वास घेऊ शकते, त्यामुळे थोड्या पाण्यात, ओल्या गोणपाटातही तासन्‌तास जिवंत राहते. बर्फ नव्हता तेव्हा नदीपासून लांबच्या वाडीपर्यंत ताजा पोचणारा मासा हाच.

मग घरात पोरांच्या पोटासाठी सुरमई का शिरली? कारण साधं आहे. रहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाट्याचे बारीक काटे विखुरलेले असतात. नदीकाठच्या माणसाची जीभ ते काटे सहज बाजूला काढते, पण ज्या घरात मासा क्वचित शिजतो तिथे आई पोराच्या ताटाशेजारून हलत नाही. सुरमईच्या तुकडीत मधोमध एक मणका आणि फार तर पोटाकडे थोडे काटे. मणका काढला की उरलेलं निर्धास्त खावं. मांस घट्ट, तव्यावर न तुटणारं. बांगड्याच्या कुळातली असूनही बांगड्याइतका उग्र वास नाही. गोव्यात हिलाच इसवण म्हणतात, तमिळनाडूत वंजरम. तिथल्या खाणावळींतही तुकडी म्हटलं की पहिलं नाव हिचंच.

समुद्रातली सुरमई हा दांडगा शिकारी मासा. तारली, बांगड्याच्या थव्यांमागे वेगाने धावणारी, दोन मीटरच्याही पुढे वाढू शकणारी. ती जाळ्यातही येते आणि गळालाही लागते. गळाची सुरमई एकेक करून वर येते. तिथल्या तिथे तिचं रक्त काढून तिला बर्फात घातलं, तर तिच्या मांसाला तोड नाही. जाळ्यात तासन्‌तास अडकून मेलेली, इतर मासळीखाली दबलेली सुरमई त्याच दिवशीची असली तरी तिची बरोबरी करत नाही. हर्णैसारख्या बंदरात किनाऱ्यावर लिलाव होतो तेव्हा जाणते खरेदीदार आधी माशाचा पोटाकडचा भाग दाबून बघतात, ते उगाच नाही.

बंदरावरून मासळी बर्फाच्या पेट्यांत निघते. मुंबईच्या ससून डॉकहून, भाऊच्या धक्क्याहून, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून गाड्या घाट चढतात. पुण्यात गणेश पेठेचा मासळी बाजार ही या भागासाठीची मोठी पेठ. तिथे खोल समुद्रातली मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी आणि आंध्र प्रदेशातून येणारे रहू-कटला असे सगळे एकाच छताखाली भेटतात. तिथून किरकोळ विक्रेता माल उचलतो, थर्माकोलच्या खोक्यात भरतो आणि नगर रस्त्याने शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असा पुढे येतो. कवठ्याला पोचेपर्यंत त्या सुरमईचे किमान तीन-चार हात बदललेले असतात. प्रत्येक हाताने पेटी उघडली, बर्फ किती उरला ते पाहिलं किंवा पाहिलं नाही, यावर आपल्या ताटातली चव ठरते. आपल्या उष्ण हवामानात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, असा मत्स्यतंत्राचा साधा ठोकताळा आहे. एका किलोला एक किलो. वरून मूठभर बर्फाचा चुरा शिंपडलेली पेटी दिसली की समजावं, तो बर्फ गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता आहे.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण ती चवीपेक्षा मोठी आहे. सुरमई, बांगडा, कुपा या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये टाकूनही जात नाही. वासाने दर वेळी कळतंच असं नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, मळमळतं. घरातले म्हणतात, याला मासा सोसत नाही. बहुतेक वेळा मासा सोसत नाही असं नसतं. मासा उन्हात राहिलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात शिरूर-दौंडचा पारा चाळीसला टेकतो. त्या दिवसांत दुपारी उघड्या टोपलीतली सुरमई कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मसाला वाढवून ही चूक झाकता येत नाही. माझं हे म्हणणं कुणाला कडक वाटेल, पण लहान मुलांच्या ताटात जाणाऱ्या घासाबद्दल कडकच असावं.

घेताना शक्यतो अख्खी सुरमई बघून समोर कापून घ्यावी. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. खोल गेलेला, दुधाळ झालेला डोळा म्हणजे दिवस उलटलेले. कल्ले उचलून बघावेत, लालभडक असावेत, विटकरी-तपकिरी नकोत. अंगावर बोट दाबलं तर खड्डा लगेच भरून यावा. कापलेल्या तुकड्याच मिळत असतील तर मांसाला किंचित पारदर्शक चकाकी हवी आणि मणक्याभोवती तपकिरी डाग नसावा. डब्याच्या तळाशी गढूळ पाणी साचलेलं असेल तर त्या पाण्यात भिजलेली तुकडी चव गमावून बसलेली असते. आणि वास. ताज्या सुरमईला समुद्राचा हलका, खारट वास असतो. ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो मुळात शिळेपणाचा वास आहे. समुद्री माशाच्या अंगात असलेलं एक द्रव्य मासा मेल्यावर फुटतं आणि त्यातून हा वास सुटतो. लिंबू, कोकम, चिंच अशा आंबटाने तो बांधला जातो. कोकणातली बाई माशाला कोकम का लावते याचं एक उत्तर यात आहे.

घरी आणल्यावर तुकड्या पाण्यात भिजत घालू नयेत. एकदा, फार तर दोनदा गार पाण्यातून काढाव्यात आणि फडक्याने टिपाव्यात. कापल्यावर पुन्हा पुन्हा धुण्याची आपल्याकडची सवय मटणातून आलेली आहे. माशाची चव तिच्यात वाहून जाते. लगेच करायचं नसेल तर डबा फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात बर्फावर ठेवावा. गोठवलेली सुरमई आणली असेल तर ती आदल्या रात्री फ्रीजमध्येच सुटू द्यावी. ओट्यावर, कोमट पाण्यात किंवा उन्हात ठेवू नये. एकदा सुटलेली पुन्हा गोठवू नये.

आता तव्याकडे. तुकडी बोटाएवढ्या जाडीची असावी. पातळ तुकडी कोरडी पडते, फार जाड तुकडी बाहेरून करपून मणक्यापाशी कच्ची राहते. अर्धा किलो तुकड्यांना चमचाभर मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून आणि अर्ध्या लिंबाचा रस. कोकमाचं आगळ मिळालं तर लिंबाऐवजी तेच. हे सगळं हाताने तुकडीच्या दोन्ही अंगांना चोळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. रात्रभर मुरवत ठेवू नये. आंबट जास्त वेळ लागलं की मांसाचा घट्टपणा जातो, तव्यावर ते भुसभुशीत होतं. तोवर ताटलीत तांदळाचं पीठ घ्यायचं, त्यात त्याच्या निम्मा बारीक रवा आणि चिमूटभर मीठ. तुकडी त्यात दाबून, झटकून घ्यायची.

बिडाचा तवा असेल तर तोच काढावा. तवा चांगला तापला की तेल सोडायचं, तेल तापलं की तुकडी, आणि मग आच मध्यम. इथे खरी परीक्षा आहे ती हात आवरण्याची. तुकडी ठेवल्यावर पहिली तीन-चार मिनिटं तिला हात लावायचा नाही. सुरुवातीला ती तव्याला धरून ठेवते. खालची बाजू सोनेरी झाली, कवच बसलं की आपोआप सुटते. उलथनं घातल्यावर अडकली तर समजायचं अजून वेळ आहे. जबरदस्ती केली की कवच तव्यावर राहतं आणि मांस उलथन्यावर येतं. उलटवून पुन्हा तेवढाच वेळ. मणक्याजवळचं मांस काचेसारखं न दिसता पांढरं झालं, की उतरवायची. कडेला तेलात दोन-चार कढीलिंबाची पानं टाकली तर वासाने घर भरतं. वरून कांदा, लिंबू, बस्स.

एवढ्यात समाधान न होणारे लोक आहेत, हे मला माहीत आहे. आपल्या भागात रस्सा म्हटला की येसूर हवा, काळा मसाला हवा, भाजलेलं सुकं खोबरं हवं, वर तर्री हवी. मटणाला ते सगळं शोभतं. नदीच्या माशालाही एका मर्यादेत शोभतं. सुरमईला मात्र ते घातलं की ताटात सुरमई उरत नाही, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात एक पांढरा तुकडा उरतो. एवढे पैसे देऊन आणलेला, एवढ्या लांबून आलेला मासा मसाल्याखाली गाडायचा कशाला? ताजी सुरमई मिळाली असेल तर त्या दिवशी काळ्या मसाल्याचा डबा फडताळातच राहू द्यावा.

कालवणासाठी डोकं, शेपटी आणि कडेच्या तुकड्या. मधल्या तुकड्या तव्याला, टोकं पातेल्याला, ही वाटणी अनेक घरांत पाळली जाते, आणि ती बरोबर आहे. डोक्यातला रस कालवणाला जी गोडी देतो ती मधल्या तुकडीत नसते. अर्ध्या ओल्या नारळाचं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद, चार पाकळ्या लसूण आणि लिंबाएवढी चिंच हे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखं वाटायचं. वाटण पाण्यात कालवून आधी पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं, म्हणजे खोबऱ्याचा आणि चिंचेचा कच्चेपणा जातो. मग मीठ, मग मासा. मासा पडल्यावर सहा ते आठ मिनिटं, मंद उकळीवर. डाव घालून ढवळायचं नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवायचं. कोकणात कुणी त्यात तिरफळं ठेचून टाकतात. ती मिळाली तर दोन-तीन टाकावीत, न मिळाल्याने काही अडत नाही. ओला नारळ नसेल तर सुक्या खोबऱ्याने भागवू नये, चव पार बदलते. त्यापेक्षा खोबऱ्याशिवाय करावं: तेलात ठेचलेला लसूण, हळद, तिखट, चिंचेचा कोळ, जेमतेम बुडेल इतकं पाणी, त्यात तुकड्या, झाकण, आणि रस अंगासरशी येईपर्यंत आटवायचं. कोकणातल्या तिखल्याच्या जवळ जाणारा हा प्रकार बाजरीच्या भाकरीबरोबर इतका जमतो, की तो घाटावरच जन्मला असावा असं वाटतं. केळीचं पान हाताशी असेल तर मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण यांचं वाटण लावून तुकडी पानात गुंडाळावी आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्हीकडून भाजावी. तेल जवळजवळ लागत नाही. घरात म्हाताऱ्या माणसांना तळलेलं वर्ज्य असेल तर हा मार्ग उत्तम.

पण ताजं हा शब्द खऱ्या अर्थाने वापरायचा तर घोडकाठच्या माणसाने आधी घोड नदीकडे बघायला हवं. सह्याद्रीत उगम पावून, आंबेगावात डिंभे धरणात थांबून ही नदी शिरूरला येते. शिरूरचं जुनं नावच घोडनदी. पुढे चिंचणीला घोड धरण, पुढे भीमेशी संगम, मग दौंड आणि त्याच्या खाली उजनीचा फुगवटा. उजनी १९८० साली पूर्ण झालं आणि काही वर्षांत भिगवण हे मासळीचं गाव झालं. भोई समाजाचे लोक पहाटे होड्या घेऊन बाहेर पडतात आणि सकाळी काठावर मासळी उतरते. सोलापूर रस्त्यावरची कित्येक हॉटेलं त्या मासळीवर चालतात.

या पाण्यातले मासेही सगळे मूळचे इथले नाहीत. रहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यामुळे एके काळी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन घडवून दाखवलं. देशभरच्या धरणांत, तळ्यांत, शेततळ्यांत बीज सोडणं त्यामुळे शक्य झालं. म्हणून तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. चिलापी त्याआधीच, १९५२ मध्ये भारतात आली. मूळची आफ्रिकेतली, कुठेही तगणारी, भराभर वाढणारी. तिने उजनीचं पाणी व्यापलं आणि अनेक देशी जाती मागे पडल्या. ही खंत खरी आहे. पण गरिबाच्या ताटात स्वस्त, ताजा मासा तिनेच आणला, हेही तितकंच खरं.

सकाळी पाण्यातून निघालेली आणि दुपारी शिजलेली चिलापी ही बर्फातून आलेल्या सुरमईपेक्षा ताजी असते, याबद्दल वाद नको. मग तिला नावं का ठेवतात? चिखलाचा वास येतो म्हणून. हा वास साठलेल्या पाण्यातल्या नील-हरित शेवाळाचा आणि काही सूक्ष्मजीवांचा. तिथे तयार होणारी जिओस्मिनसारखी द्रव्यं माशाच्या चरबीत जाऊन बसतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो गंध येतो तोही याच द्रव्याचा. तिथे हवासा वाटतो, ताटात नकोसा होतो. गंमत अशी की इथेही उपाय आंबटच. आंबटात हे द्रव्य मोडतं आणि त्याचा वास जातो. मासा साफ करताना पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाकावा, मणक्यालगतचं गोठलेलं रक्त नखाने काढावं, मग मीठ-हळद आणि दही किंवा चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटं ठेवावं आणि एकदा धुवावं. चिलापीच्या दोन्ही अंगांना तिरपे चिरे देऊन, वर सुरमईला सांगितलेलाच मसाला भरून ती अख्खी तव्यावर टाकावी. रहूचे काटे त्रास देत असतील तर मांसाला अगदी जवळजवळ बारीक चिरे द्यावेत आणि चांगलं कुरकुरीत तळावं. बारीक काटे तेलात मऊ होऊन जाणवेनासे होतात. नदीचा मासा नीट शिजलेलाच खावा, अर्धकच्चा नको.

अगदी पाण्यातून निघालेल्या माशाबद्दल एक सूचना. मेल्यानंतर थोड्या वेळाने माशाचं अंग ताठरतं. त्या अवस्थेत तुकडी तव्यावर टाकली तर ती वाकडी होते, चिवट लागते. काही तास बर्फावर विसावू दिलेला मासा जास्त चांगला शिजतो.

या पट्ट्यात घराघरांत माळकरी आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण सांभाळून माशाचा वार निघतो. कित्येक घरांत आजही मासळीचं पातेलं वेगळं, तवा वेगळा आणि चूल अंगणात किंवा गोठ्याच्या कडेला. स्वयंपाकघरात ओवाळणीचं तबक असतं त्याच्या शेजारी मासा नको, हा बायकांचा आग्रह. मला त्यात कर्मठपणा कमी आणि घरातल्या सगळ्यांचं मन राखण्याची रीत जास्त दिसते. शिवाय उघड्यावर, लाकडाच्या जाळावर भाजलेल्या तुकडीची चव गॅसवर येत नाही.

समुद्रालाही त्याचे पाळायचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजी म्हणून विकली जाणारी सुरमई बहुधा साठवणीतली असते किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. ओमानमध्ये तर १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमईसाठी स्वतंत्र बंदी पाळतात. आपल्या राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी बाजारात येणाऱ्या ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, म्हणजे अंडी घालण्याआधीच पिल्लं संपू नयेत. कवठ्यातल्या गिऱ्हाइकानेही हातभर लांबीचीसुद्धा नसलेली सुरमई परत ठेवली, तर तो नियम इथपर्यंत पोचला असं म्हणता येईल. जून-जुलैत नदीचे मासेही अंड्यावर असतात. तेव्हा सुकट आहेच. तिच्यात कांदा आणि कैरीची फोड घातली की तक्रारीला जागा राहत नाही.

पाऊस सरला, नवरात्र उठलं, की समुद्र निवळलेला असतो आणि चांगली सुरमई घाट चढू लागते. दिवाळीचा गोडाधोडाचा फराळ तोंडाला पुरेसा झाला, भाऊबीज झाली, की या भागात तिखटाचे बेत ठरतात. विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवावं: मासा अख्खा आण, बर्फ भरपूर घाल, सकाळी ऊन चढायच्या आत पोच. कापताना समोर उभं राहावं. मधल्या तुकड्या तळायला, डोकं उभं चिरून कालवणाला. आणि पोटात गाभोळी निघाली तर ती त्याला टाकू देऊ नये. तिला नुसतं मीठ-हळद-तिखट लावावं आणि सगळ्या तुकड्या झाल्यावर, उरलेल्या तेलात, मंद आचेवर झाकून शिजवावी.